आईची बिनगोळीची तपासणी

दादा,

आईला घेऊन दवाखान्यात निघालेय, आज तीच बिनगोळीची तपासणी पुन्हा आहे. तुला मुद्दामच उठवलं नाही.

गेल्या खेपेला गोळी न देता तिचा कंपवात बघायचा होता, आणि आई चक्क तरातरा चालली. मेंदूचे डॉक्टर, सर्जन, व्यायामाच्या बाई, सगळे एकमेकांकडे बघत राहिले. "इतकं बरं असेल तर ऑपरेशन करून डोक्यात तार कशाला घालायची?" सर्जन म्हणाले. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. गोळी नसेल तर आईला पलंगावरून उठवत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. त्या सकाळचा चहा तू केला होतास. एरवी तू गॅसकडे फिरकत नाहीस.

आईला विचारलं, तर म्हणाली, "कडू होता गं, पण पोराने केला म्हणून प्यायले."

काल म्हणूनच मी तिच्या खोलीत झोपले. गोळ्यांची डबी माझ्या पर्समध्ये आहे, घरात शोधू नकोस.

ऑपरेशनची भीती मलाही वाटते रे. पण मानसोपचाराच्या मॅडमनी आईला एकटीला आत बोलावलं, तेव्हा मी दाराला कान लावून उभी होते. "मला माझ्या हाताने जेवायचंय," एवढंच म्हणाली ती. आपल्याला कधी बोलली होती असं?

दुपारी सगळे डॉक्टर एकत्र बसून ऑपरेशनचं ठरवणार आहेत. घरच्यांनाही बोलावलंय. तुझा विरोध असेल तर तिथे येऊन आईसमोर बोल. आला नाहीस, तर तुझी काही हरकत नाही असं मी सांगून टाकेन.