माईची काळी पाच

शिवमंदिर परिसर, अंबरनाथ
११ जून २०२५

चि. कैलास यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि मग माझा आवाज चढतो, म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच बोलता येत नाही.

तू दुरुस्त करून पाठवलेला माईचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा मिळाला. खरखर गेली, मशीन मध्येच बंद पडत नाही, हे कबूल. पण माईचं गाणंच बंद पडलं, त्याचं काय? मशीन आलं त्या सकाळी तिने नेहमीसारखं पट्टीचं बटण काळी पाच या तिच्या उंच पट्टीच्या खुणेवर लावलं, डोळे मिटले आणि अभंग सुरू केला. वरचा सूर आला आणि तिचा गळा फाटला. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, तेच. शेवटी तिने मशीनवर टॉवेल टाकला आणि भाजी निवडायला बसली.

शेजारची तुळशी तिच्याकडे गाणं शिकते, तिलाही सांगून टाकलं की आता येऊ नकोस, माझा गळा संपला. अप्पा गेल्यावर ती जेवण टाकायची, पण सकाळचं गाणं तिने कधी टाकलं नव्हतं. आता घर इतकं गप्प असतं की मला सकाळी घरी थांबवत नाही.

तू आत नक्की काय केलंस? मागे माझा मिक्सर नीट केलास, तेव्हापासून तो स्वतःच्या मर्जीने फिरतो. तेव्हा खरं खरं लिही. लोभ आहेच, वाढवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

तुझी,
विनिताताई

कात्रप, बदलापूर
१४ जून २०२५

ती. विनिताताईस,
सा. न. वि. वि.

उपकार करावेत आणि वर बोलणी खावीत, हे माझ्या कुंडलीतच आहे. रविवारभर ते मशीन जेवणाच्या टेबलावर उघडून बसलो होतो. सौ. शलाकाने सगळ्यांना जमिनीवर जेवायला वाढलं आणि ते अजून रोज ऐकवते. आत मुंग्यांनी संसार थाटला होता. आवाजाचं बटण पार झिजलेलं. तसलं मिळवायला उल्हासनगरला कॅम्प पाचमधली दुकानं पालथी घातली. जो तो सिंधी दुकानदार म्हणे, साईं, ये फेंको, नया लो. अखेर एका काकांनी जुन्या रेडिओतून काढून दिलं. ते बसवताना बोट भाजलं, त्याची चौकशी तू केली नाहीसच.

एक मात्र सांगतो. पट्टीच्या बटणाची टोपी कोण्या अडाण्याने वाकडी चिकटवली होती. खूण काळी पाचवर, आणि वाजतेय पांढरी चार, म्हणजे चांगलीच खालची पट्टी. मोबाइलमध्ये सूर मोजायचं अ‍ॅप आहे, त्यावर तपासून घेतलं. टोपीखाली गोंदाचे थरावर थर होते, म्हणजे त्या शहाण्याने हा उद्योग पुन्हा पुन्हा केलेला. मी सगळं खरवडून टोपी जागेवर बसवली. आता काळी पाचला काळी पाचच वाजते.

माईचं वय झालं, त्याचा दोष माझ्या सोल्डरगनला देऊ नकोस. राग ओसरला की थोडा लोभ इकडेही असू दे.

तुझा,
कैलास

अंबरनाथ
१७ जून २०२५

चि. कैलास यास,
आशीर्वाद, पण आज जरा हात आखडता घेऊन.

तो अडाणी, तो शहाणा म्हणजे आपले अप्पा. दर दिवाळीला ते मशीन साफ करायचं म्हणून ब्लेड आणि गोंद घेऊन बसायचे. मला वाटायचं, धूळ काढतात. तुझं पत्र वाचलं आणि डोक्यात प्रकाश पडला. माईचा आवाज वर्षागणिक उतरत होता आणि अप्पा टोपी तेवढीच फिरवून ठेवत होते. खूण काळी पाचवरच, माईची मानही ताठच. भजनी मंडळात काळी पाचला गाणारी ती एकटी होती, हे तिने आपल्याला किती वेळा ऐकवलं असेल!

काल मी धीर करून सुचवलं की बटण थोडं खाली आण. तिने एवढंच म्हटलं, "उतरून गाण्यापेक्षा गप्प बसेन." आणि बसलीच आहे.

माणसाने एवढं अचूक असायची काय गरज असते रे? येत्या रविवारी ये. एक स्क्रू सैल राहिला म्हणून सांग आणि टोपी होती तशी बसव. माईला कळता कामा नये. हे केलंस तर मिक्सरही माफ.

तुझी,
विनिताताई

अंबरनाथ
१८ जून २०२५

चि. कैलास यास,
माईचे अनेक आशीर्वाद.

विनिताने तुला लिहिलेलं पत्र पोस्टात टाकायचं म्हणून डाळीच्या डब्याखाली लपवलं. या घरात डाळ मी शिजवते, हे ती विसरली. वाचलं, आणि माझंही त्याच पाकिटात घालते आहे.

तुम्हा दोघांना मी बहिरी वाटते काय? गळा गेला असेल, कान शाबूत आहेत. तुझ्या अप्पांनी पहिल्यांदा टोपी फिरवली, तेव्हा पहिल्याच सुराला मला कळलं होतं. मशीन बंद करून विचारणार होते. पण ते दाराशी उभे होते, निकालाला आलेल्या पोरासारखे. मी वरचा सूर लावला, तो लागला, आणि ते चहा ठेवायला गेले. मग काय विचारायचं? पुढे दर दिवाळीला मीच मशीन त्यांच्यापुढे ठेवून म्हणायचे, धूळ फार झाली हो.

तू टोपी खरी केलीस, त्यात तुझं चुकलं नाही. माझं वय मला ठाऊक होतं. पण त्या सकाळी गळा फाटला, आणि ते गेले हे मला तेव्हा नीट समजलं. म्हणून टॉवेल टाकला. गळ्याचं निमित्त.

रविवारी ये. शलाकाला आण, जेवूनच जा. तुळशीला मी परत बोलावते आहे. स्क्रूचं सोंग करू नकोस, तुला खोटं बोलता येत नाही. मशीन घेऊन बाहेर बस आणि दार लोटून घे. ते गेल्यापासून कोणी टोपीला हात लावला नव्हता, त्यामुळे तुझ्या दुरुस्तीआधीच मला जड जायला लागलं होतं. तेव्हा अप्पांनी ठेवली होती त्याहून थोडी जास्त फिरव.

कुठवर फिरवलीस, ते मला सांगू नकोस.

तुझी,
माई