उशांच्या भावात इंजिनिअर

ता. ३ जून

चि. सुतळीस,
आजीचे अ. उ. आ. वि. वि.

आत्याकडे पोचल्याचा तुझा फोन आला, पण त्यावर तू आकडे असे भडाभडा ओतलेस की ते माझ्या एका कानात शिरले आणि दुसऱ्यापर्यंत पोचलेच नाहीत. म्हणून हे पत्र. पत्राचं बरं असतं, पुन्हा पुन्हा वाचून घेता येतं. मला अक्षर येत नाही, हे काही तुला नवीन नाही. मी बोलतेय आणि तुझा बाप लिहितोय. तुझी आई मशीनवर खोळी शिवायला बसलीय, तिचा हात मोकळा नाही. ह्याचा काय, मोकळाच असतो. (इथे त्याने पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. हेही लिही म्हटलं.)

तर मुद्द्याचं बोलू. तुला इलेक्ट्रिकल इंजिनिअर व्हायचंय. महिनाअखेर फी भरली नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार. पैसे माझ्या ठेवीतले, म्हणून हो की नाही ते मी म्हणणार. तुझ्या बापाच्या मते हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. चार वर्षं पैसे ओता आणि मग नोकरी शोधत फिरा, त्यापेक्षा आपलं गाद्या-उशांचं दुकान काय वाईट, असं तो म्हणतो. झटके मिस्त्रीकडे कुठली पदवी आहे, तरी कापूस पिंजायचं यंत्र बंद पडलं की येतो, एक तार जोडतो आणि आपली दिवसाची कमाई खिशात घालून जातो. शॉक खाऊन खाऊन मिस्त्रीचे केस कायमचे उभे राहिलेत, हे मात्र तुझा बाप सांगत नाही.

मला लाख-हजार कळत नाहीत, उशी कळते. एका उशीमागे आपल्याला काय सुटतं ते तुला माहीत आहे. तेव्हा खर्च किती उशांचा आणि पुढे कमाई किती उशांची, असं लिहून पाठव. आणि चौकशी करताना, कॉलेजच्या भिंतीवर ज्यांचे फोटो लावलेत त्यांना विचारू नकोस. ज्यांचे लावले नाहीत त्यांना गाठ.

आत्याकडे दुपारपर्यंत लोळत पडू नकोस. लोभ आहे तेवढा ठेव, वाढला तर माझी तक्रार नाही.

तुझी आजी
(हस्ते तुझा बाप)


ता. ८ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

बाबा, हे पत्र मोठ्याने वाचा आणि मधलं काही गाळू नका. गाळलंत की नाही, हे आत्या फोन करून आजीला विचारणार आहे.

आजी, फी, वसतिगृह, जेवण, पुस्तकं असं सगळं धरून वर्षाला सहाशे उशा होतात. चार वर्षांच्या चोवीसशे. लिहिताना माझाच हात थबकला. एवढ्या उशांवर अख्खं गाव झोपेल आणि पाहुणेही मावतील.

तू म्हणालीस तशा दोघांना गाठलं. एक ताई ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात लागलीय. खाणं-राहणं वजा जाता तिच्याकडे महिन्याला चाळीस उशा उरतात. म्हणजे पाच वर्षांत खर्च निघतो आणि दहा वर्षांत दुप्पट हाती येतं. दुसरा एक दादा. त्याला पदवी मिळून दीड वर्ष झालं आणि तो दिव्यांच्या दुकानात दिवे विकतोय. त्याच्याकडे महिन्याला जेमतेम दहा उशा उरतात. भिंतीवर लावायचा फोटो मात्र त्याने पहिल्याच वर्षी टाय लावून काढून ठेवला होता म्हणे. आता तो त्याच्या आईने कपाटाच्या दारावर आतून चिकटवलाय.

एक कबूल करते. पहिल्या वर्षी नुसतं गणित आणि विज्ञान असतं. फ्यूजपर्यंत पोचायला तिसरं वर्ष उजाडेल, असं ताई म्हणाली. तरी मला हेच शिकायचंय. आपलं यंत्र दर आठवड्याला बंद पडतं. झटके मिस्त्री ते चालू करून देतो, पण ते का बंद पडलं असं विचारलं की शिट्टी वाजवायला लागतो. मला ते का, हे कळून घ्यायचंय.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
सुतळी


ता. १३ जून

चि. सुतळीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या पत्राने इथे घर डोक्यावर घेतलंय. वर्षाला सहाशे उशा द्यायच्या आणि दोन वर्षं फ्यूजला बोटही लावायचं नाही, हे ऐकून मी पाणी मागवलं.

मग मी म्हटलं, चोवीसशे म्हणजे नक्की केवढ्या, मला डोळ्यांनी बघू दे. तुझ्या बापाला तेवढंच हवं होतं. पुढची खोली रिकामी करून, पन्नास उशांच्या जागी एक उशी अशा हिशेबाने त्याने खर्चाचा ढीग रचला. चांगला माझ्या खांद्याला लागला. शेजारी ताईच्या दहा वर्षांच्या कमाईचा रचला, तो येऊन थांबला माझ्या गुडघ्याशी! दुप्पट होते म्हणालीस आणि गुडघ्याशी कशी? मी जाऊन त्या ढिगावर बसले आणि बसताक्षणी कळलं. खर्चाला ह्याने जाडजूड भरलेल्या उशा लावल्यात आणि कमाईला पाळण्यातल्या बाळउशा! त्या सबंध ढिगात मूठभर कापूस नव्हता. विचारलं तर त्याला एकाएकी खोकला आला. हे सगळं मी त्याच्याच हातून लिहून घेतेय, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

खरी गंमत पुढेच. तिसराही एक ढीग होता, पार छताला टेकलेला. तो कशाचा म्हटलं, तर चार वर्षं तू दुकानात नसणार, त्या नुकसानीचा. मी म्हटलं, अरे, ती दिवसाला दोन उशा शिवते, त्यातली एक मी उसवते. उरलेला वेळ तुझ्याशी गप्पा हाणते आणि तुझ्या वाटचा चहा पिते. त्याचं एवढं मोठं नुकसान? तो आपला ढिगाचे कोपरे सारखे करत बसला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आलं, त्याने नेमका खालच्या उशीला हात घातला आणि अख्खा ढीग त्याच्या अंगावर आला. बिचाऱ्याला पाय धरून ओढून काढावं लागलं. जाताना दोन उशा घेऊन गेला. आतून चांगल्या वाटल्या म्हणाला.

आता माझा एकच प्रश्न. चांगलं झालं तर काय करशील ते विचारत नाही, ते सगळ्यांनाच येतं. दिव्यांच्या दुकानातल्या दादासारखं झालं, तर काय करशील?

आत्याला आशीर्वाद. उत्तर लवकर दे आणि आमच्यावर जीव असू दे.

तुझी आजी
(हस्ते तुझा बाप, खोकला बरा आहे)


ता. १७ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तसं झालं तर मीही दिवे विकीन आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो दिवा कसा पेटतो हे सांगून हैराण करीन. संध्याकाळी दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज लिहीन. तेही जमलं नाही तर परत येऊन दुकानात बसेन. पैसे बुडाले असतील, पण आपलं यंत्र बंद पडणार नाही. वाईटात वाईट एवढंच. मला ते रडूबाई न होता सोसेल असं वाटतंय. नक्की माहीत नाही, खोटं कशाला सांगू?

बाबा, हे तुमच्यासाठी. पडलेला तिसरा ढीग पुन्हा रचून ठेवा. दर सुट्टीत दुकानात बसून मी तो थोडा थोडा उतरवीन. आणि माझ्या वाटचा चहा तुम्हीच पिऊन टाका.

असाच जीव लावा.

तुझी
सुतळी


ता. २१ जून

चि. सुतळीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता तुझा बाप मध्येच उठून गेला. डोळ्यात कापूस गेला म्हणाला. यंत्र परवापासून बंद आहे, मग कापूस उडाला कुठून, ते त्यालाच ठाऊक. उरलेलं पत्र तुझ्या आईने वाचलं.

मी हिशेब केला. त्या दादासारखं झालं तर माझे पैसे फिटायला वीस वर्षं लागतील. तोवर मी कशाला असते? म्हणजे ती डोकेदुखी माझी नाही. आणि बुडाले तर का बुडाले, एवढं तरी तुला नीट सांगता येईल. झटके मिस्त्रीला ते जमत नाही. तो आत्ताही यंत्रापाशी उभा राहून शिट्टी वाजवतोय. भर फी.

पैसे घेऊन तुझा बाप स्वतः येतोय. सोबत तुझ्या वसतिगृहासाठी उशी आणेल. दोन दिवस दार लावून एकटाच भरत होता. आत्याला सांगून ठेव, दारातून ती आडवी शिरणार नाही, उभी करून घ्यावी लागेल. एवढा कापूस घालून कुणी उशी विकायला काढली तर सुटायचं राहिलं बाजूला, पदरचे जातील. म्हणून मी त्याला विचारलं, हा खर्च कुठल्या ढिगात धरायचा?

धरायचाच नाही म्हणाला.

तेही लिही म्हटलं. आज पहिल्यांदा त्याने न कुरकुरता लिहिलं.

सुखात राहा, आमचा विसर पडू देऊ नकोस.

तुझी आजी
(हस्ते बाबा)