‘नाइस’चा जुना अर्थ

ठाकुर्ली, मंगळवार

वर्गाचं ते हसणं आज पुन्हा कानात वाजलं. सातवीत कविता म्हणताना अडखळलो होतो, तेव्हाचं.

संध्याकाळी ज्येष्ठांच्या कट्ट्यावर मी कविता म्हटली. शेजारच्या कुंदाताई, चौथी शिकलेल्या, म्हणाल्या, “काका, एकदम नाइस!”

गप्प बसलो असतो तर? पण नाही. “अहो, मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अडाणी. पुढे मूर्ख, मग चोखंदळ, आणि आत्ता कुठे छान!”

“मग कुंदाताई, तुमचा ‘नाइस’ यातला कुठला?” कोणीतरी विचारलं. सगळे हसले. तेच हसणं. त्या उठून गेल्या.

मला शब्द सांगायचा होता, की मी किती शिकलोय ते? लाज वाटते.

बेल वाजली. दारात कुंदाताई, हातात वही.

“कट्ट्याचा नियम ना, काका? ज्याला कविता आवडली, त्याने उद्या ती म्हणायची. लिहून द्या.”