एका पत्त्यावर एकच परवाना

ती. वहिनींना धाकट्या दिराचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (परवा पाइप जोडायचं सोल्यूशन हातांना लागलं ते अजून पुरतं गेलेलं नाही, त्यामुळे जोडलेले हात सुटायला जरा वेळ लागतोय. पण नमस्कार मनापासून आहे.) नावाआधी सवयीने 'सौ.' लिहिलं होतं, ते खोडलं. दुसरं काही लिहायला हात होईना, म्हणून नुसत्याच वहिनी.

लेकीकडे करमतंय का? गुडघा काय म्हणतो? जावईबापूंच्या न्हाणीघरातला नळ अजून रडतो का? तुम्ही खाली बादली लावून गप्प बसला असाल, मला ठाऊक आहे. दुसऱ्या प्लंबरला हात लावू द्यायच्या नाहीत तुम्ही. इकडे आम्ही ठीक. तुमची जाऊ ठीक, म्हणजे दिवसभर मला बोलत असते, त्यावरून तब्येत चांगली असावी. काही मागायला म्हणून हे पत्र नाही, हे आधीच सांगून टाकतो. सहज लिहायला बसलो.

दुकान बंद आहे हे तुमच्या कानावर आलंच असेल. दादाला जाऊन महिना होतो न होतो तोच नगरपालिकेचा माणूस दारात हजर. ज्याच्या नावावर परवाना असेल त्यानेच नळजोडणी करायची, आणि तो माणूस हयात असला पाहिजे, असा नियम आहे म्हणे. (म्हणे कसला, छापील दाखवला मेल्याने.) आता आपल्या दुकानात परवाना दादाचा आणि हात दोघांचे, हे सगळ्या गावाला माहीत. एका छत्रीत दोघं जातात तसं इतकी वर्षं चाललं, दुसरी छत्री घ्यावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. कोपऱ्यावरच्या तीन मजली घराचं काम अर्ध्यावर लोंबकळतंय, आणि मी दिसलो की घरमालक मुद्दाम रस्ता ओलांडून भेटायला येतो. घरात चूल पेटायची तर परवाना हवाच, म्हणून गेलो अर्ज करायला.

तिथे काय, तर ज्या परवानाधारकाच्या हाताखाली काम केलं त्याचा दाखला आणा. मी म्हटलं, तो माझा भाऊ. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, मग सोपंच आहे, त्यांना एकदा घेऊन या. अहो, ते जमलं असतं तर मी तिथे कशाला झक मारायला गेलो असतो? पण त्या बिचारीला काय माहीत. शेवटी दाखला कुणी दिला असेल? गळक्याने! (पलीकडच्या गल्लीतला हो. त्याने जोडलेलं निम्मं गाव दादाने पुन्हा जोडलं, तोच.) मी त्याच्या मार्गदर्शनाखाली तयार झालो, असं लिहून दिलंय त्याने. सही करताना असा गोड हसला की वर दादाला ठसका लागला असेल. पण अडला हरी, मी निमूटपणे कागद घेतला आणि वर थँक्यू म्हणालो.

मग परवा परीक्षा झाली. ह्या वयात परीक्षा, वहिनी! कचेरीमागे एक भिंत उभी केलीय, वर टाकी, खाली नळ, मधलं सगळं आपण जोडायचं. जोडलं. आता व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडायचं, की सुटलो. आणि मी काय करावं? पाना घेतला, पाइपावर दोनदा ठोकला आणि उभा राहिलो. तुम्हाला माहीतच आहे आमची पद्धत. दादा वर टाकीपाशी, मी खाली, हाका काही पोचत नाहीत. मी दोनदा ठोकायचं, म्हणजे खाली तयार. वरून दोनदा उत्तर आलं की पाणी सोडायचं, तीनदा आलं की आधी चहा. त्याच्या उत्तराशिवाय मी आयुष्यात पाणी सोडलेलं नाही. मी उभा, साहेब उभे, बाकीचे परीक्षेला आलेले उभे. साहेबांनी विचारलं, कशासाठी थांबलात? मी म्हटलं, वरून येऊ दे ना. सगळ्यांनी वर बघितलं. टाकीवर एक कबूतर बसलं होतं.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, आणि मग मला काही आवरेना. जोडाला एक थेंब गळती नव्हती, पण मी असा रडलो म्हणता! दादा गेला त्या दिवशी माणसांची जेवणं, फोन, गाड्या ह्यातच होतो मी. रडायचं राहूनच गेलं होतं, ते नगरपालिकेच्या अंगणात निघालं. मागे एकजण फिसकन हसलाही. साहेब बिचारे गोंधळले. काय करावं न सुचून त्यांनी पेनाने पाइपावर ठोकलं, आणि नेमकं तीनदा! मी डोळे पुसले, हात पुसले आणि चहा कुठाय म्हणून मागे वळून बघितलं. मग आठवण झाली आणि पाणी सोडलं. पास केलं त्यांनी.

तर असं सगळं. उत्तर सवडीने पाठवा, नातवाचा माझ्या वतीने एक गालगुच्चा घ्या, गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा, पास झालेला पण अजून बिनपरवान्याचा,
धाकटा

ता. क. काही मागायचं नाही म्हटलं खरं, पण घोडं एका ठिकाणी अडलंय. एका पत्त्यावर एकच परवाना, असा नियम आहे, आणि दुकानाच्या पत्त्यावर अजून दादाच आहे. त्याचं कार्ड जमा केल्याशिवाय माझं मिळत नाही. ते तुम्ही लेकीकडे जाताना पर्समध्ये ठेवलंत. (मी बघितलं होतं, बोललो नाही.) तेवढं टपालाने पाठवा, म्हणजे दुकान उघडता येईल.

आणखी ता. क. चिकटवलेलं पाकीट फाडून पुन्हा लिहितोय. जमा केलेल्या कार्डाचं काय करतात ते आज बघून आलो. रद्द झालं हे कळावं म्हणून फोटोच्या मधोमध भोक पाडतात. माझ्यासमोर कुणाच्या तरी वडिलांना पाडलं. मी बाईंना म्हटलं, कडेला पाडा की हो. तर म्हणाल्या, नियम फोटोचाच आहे. दादा जन्मात एका फोटोत हसलाय, तो ह्या कार्डावरच्या. (फोटोवाल्याच्या मागे उभा राहून मी वाकुल्या दाखवत होतो.) तेव्हा पाठवू नका. कार्ड हरवलं, असा अर्ज लिहून देऊन आलो. हरवलं तर सहा महिने थांबायचं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे त्यांनी आता नियमातच घातलंय. तोवर मी गळक्याच्या हाताखाली जातोय, कोपऱ्यावरचं घरही त्याच्याच सहीने पुरं होईल. दादाला कळू देऊ नका. आणि तुम्हाला कुणी विचारलं तर कार्ड हरवलं म्हणून सांगा. मी तसं लिहून दिलंय, वहिनी, पण ते खरं होऊ देऊ नका.