डाव्या हाताची कात्री

पाथर्डी,
रविवार, दुपार

प्रिय गहिनीनाथ,

पत्र बघून दचकू नकोस, इकडे कुणाचं काही बरंवाईट झालेलं नाही. दोन वर्षांत तुला किती फोन केले ते तुझा मोबाईलच जाणे. तू उचलत नाहीस. परवा तुझी चांदबीभाभी म्हणाली, "फोन कापता येतो, पत्र थोडंच कापता येतंय? लिवा की!" तिचं म्हणणं मला पटलं, यावरूनच माझी काय अवस्था झालीय ते ओळख. तू दुकानात परत यावंस म्हणून लिहितोय. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पत्र अर्धवट वाचून खिशात कोंबलंस तरी मुद्दा तुझ्यापर्यंत पोचलेला असेल.

आमच्या फरहीनला मुलगी झाली, मी आजोबा झालो. नाकीडोळी नीटस आहे, आवाज मात्र पत्रा कापायच्या ग्राइंडरचा. फरहीन विचारत होती, "काका कधी येनार बघायला?" मी म्हटलं, काका जामखेडला पोराच्या दुकानात गल्ल्यावर बसून शेठ झालेत, त्यांना सवड नाही. समर्थच्या दुकानात खिळे मोजून देताना तुझे हात शिवशिवत असतील, हे मला माहीत आहे. बावीस वर्षं तुझ्या शेजारी उभा राहून वेल्डिंग केलंय मी. तुझ्या हातांची मला तुझ्यापेक्षा जास्त माहिती आहे.

तू गेल्यावर एक कारागीर ठेवलाय. जोड झकास मारतो, पण कापलेल्या कडा रंगव म्हटलं की त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होतो. "आतल्या बाजूला कोन बघतंय, शेठ?" म्हणतो. मग मला तू आठवतोस. शटर ओढायच्या आधी दिवसभरात कापलेल्या प्रत्येक कडेवरून तू अंगठा फिरवायचास, मग कोरडं फडकं, मग जस्ती पत्रा असेल तर जस्ताच्या रंगाचे दोन हात, अँगल असेल तर रेड ऑक्साईड. गिऱ्हाईक खोळंबलं तरी तुझं एकच: "कापल्यालं उघडं ठिवून घरी जायचं न्हाई. गंज तितूनच आत शिरतो." रमजानमध्ये तर मला हाताला धरून इफ्तारला पिटाळायचास आणि एकटा बसून माझ्या वाट्याच्या कडाही पुसून घ्यायचास. मी खजूर तोंडात टाकायचो तेव्हा तू रंगाच्या डब्यात ब्रश बुडवत असायचास. तेव्हा याचं मला कधी काही वाटलं नाही. आता वाटतं.

गेल्या आठवड्यात कोपरगावच्या आसारामचा फोन आला. त्याचं नाव वाचून तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असतील, पण पुढं वाच. दोन वर्षांपूर्वी त्याच्या गोठ्याच्या पत्र्यांना पहिल्याच पावसाळ्यानंतर गंज चढला होता आणि तो दुकानात येऊन तावातावानं बोलला होता. त्या दिवशी मी चार गिऱ्हाइकांदेखत म्हणालो, कापायचं आणि कडा रंगवायचं काम गहिनीनाथचं, त्यालाच विचारा. तू हात पुसलेस, फडकं घडी करून ठेवलंस आणि गेलास. तुझी कात्रीसुद्धा खिळ्यावर राहिली. निदान एखादी शिवी तरी घालायची होतीस रे.

आता ते पत्रे पार भोकं पडून गेलेत म्हणून बघायला गेलो. शिडी लावून वर चढलो. खाली म्हशी, त्यांची सगळी ओल वर पत्र्याला, असल्या जागी कच्चं काम टिकतच नाही. पण गोठ्याचा अर्धा भाग धडधाकट होता. तिथली प्रत्येक कड मी बोटानं चाचपली. तू डावखुरा, तुझी कात्रीही डाव्या हाताची, त्यामुळे तुझ्या कापाची कड आम्हा बाकीच्यांच्या उलट बाजूला किंचित वळते. धडधाकट कडा सगळ्या तशा होत्या, वर तुझ्या रंगाचे दोन हात. गंजलेले पत्रे नऊ होते. त्यांची कड सरळ, काळपट आणि करपलेली, आसपास ठिणग्यांचे तांबूस ठिपके. ग्राइंडरनं कापलं की कडेचं जस्त जळून जातं, हे मला तूच शिकवलं होतंस.

आता खरं लिहितो. मालनवहिनींच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तू नगरला गेलास, त्या दुपारी ते नऊ पत्रे राहिले होते. जाताना बजावलं होतंस, "मशीन लावू नको, आल्यावर मी कापतो." टेम्पोवाला दारात घाई करत होता. मी ग्राइंडर चालवला, रंग न लावताच पत्रे टेम्पोत चढवले आणि तुला सांगितलं नाही. विसरलो होतो असं लिहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं, पण ते खोटं आहे. आसाराम दुकानात ओरडत होता तेव्हाच मला ते नऊ पत्रे आठवले होते. आठवले, आणि तरी मी तुझं नाव घेतलं. गोठ्यात त्याच्या भावकीसमोर हे सगळं सांगून आलो. आसाराम म्हणाला, "आवं, मला काय सांगताय? ज्याला लागलं त्याला सांगा." म्हणून हे पत्र. मला माफ कर, गहिनीनाथ. आसारामच्या गोठ्यासाठी नवे नऊ पत्रे दुकानात भिंतीला टेकवून ठेवलेत. तुझी कात्री माझ्या उजव्या हाताला चालत नाही, पण दोन वर्षं रोज संध्याकाळी शटर ओढायच्या आधी तिची पाती पुसून तेल लावतो. एक दिवस चुकवलेला नाही. गंजाचा एक ठिपका सापडला तर खुशाल परत जा. राग गेला नसेल तर रागातच ये, पण ये.

तुझाच,
रशीद