शिक्षक क्रमांक चौदा

शिक्षकखोली, मधली सुट्टी

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा सध्या संपावर असल्यामुळे सातच अंगं पोचतील, आठवं मनानं समजून घ्यावं.) तुमचा खोकला कसा आहे? वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन उत्तम झालं, आता त्यांना छताची जळमटं स्पष्ट दिसू लागली आहेत आणि त्यामुळे या वयात तुम्हाला शिडीवर चढावं लागतंय, असं तुमच्या बहिणीकडून कळलं. सांभाळून चढा. इकडे आम्ही दोघं ठीक. तुमची बहीण ठणठणीत आहे, आणि या पत्रात मी पुढे जे कबूल करणार आहे त्यात तिचा काडीचाही दोष नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

तुम्ही उभं आयुष्य गोदीत जहाजं लावण्यात घालवलंत, म्हणून हे तुम्हालाच लिहावंसं वाटतं. बाकीच्यांची समजूत अशी की शाळेचं वेळापत्रक झाडाला लागतं. सोळा वर्ग, तेवीस शिक्षक, आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे आठ तास, आणि धरायला मान एकच, माझी. बावीस वर्षं दर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते पुठ्ठ्यावर रंगीत चिठ्ठ्या टाचून जुळवत आलो. तीन आठवडे लागायचे. त्या तीन आठवड्यांत मी घरात असून नसल्यासारखा असायचो. (एकदा म्हणे मी ताटातले पदार्थ एकमेकांच्या जागी हलवत बसलो होतो आणि जेवायचं राहूनच गेलं. हे तुमची बहीण सांगते, आणि तिला तिखटमीठ लावायची सवय नाही.)

यंदा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, फर्मान काढलं की गणित आणि विज्ञानाचे तास वाढवा. वाढवायचे कुठून? दिवस काही रबराचा नाही. सोमवारपर्यंत सगळं बसलं तर ठीक, नाहीतर पाचवी ते सातवीची चित्रकला सरळ काढून टाकायची, असं ठरलं. चित्रकला म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. नोकरीचं हे तिचं शेवटचं वर्ष. मी घरी येऊन ही बातमी दिली तेव्हा ती नुसतं 'बरं' म्हणाली आणि धुतलेले ब्रश पुन्हा धुवायला घेतले. दादा, भांडली असती तर माझ्या पोटात चार घास तरी गेले असते.

मदतीला म्हणून बाईंनी मला संगणक दिला. त्यात वेळापत्रक जुळवणारा एक प्रोग्राम आहे. तो आपल्याशी आपल्या भाषेत लिहून बोलतो आणि अडलं की विचारतो. याला पहिल्याच दिवशी तोंडघशी पाडायचं, असा माझा बेत होता. म्हणून मी सगळ्या शिक्षकांच्या अडचणी एकदम त्याच्या पुढ्यात ओतल्या. आमच्या कवायतमास्तरांना सकाळचा तास नको, ऊन डोळ्यांवर येतं. दुपारचा नको, ऊन डोक्यावर येतं. शेवटचा नको, ऊन दुसऱ्या बाजूनं डोळ्यांवर येतं. प्रोग्रामनं शांतपणे लिहिलं की अशानं या शिक्षकांना देण्याजोगा एकही तास उरत नाही, तरी यांपैकी कोणतं ऊन सर्वांत जास्त त्रासाचं आहे ते कळवावं. बावीस वर्षांत हा साधा प्रश्न मला सुचला नव्हता! मी मास्तरांना जाऊन विचारलं. ते मैदानाकडे बघून म्हणाले, "तसं म्हटलं तर दुपारचंच." मिटला प्रश्न.

पहिलं वेळापत्रक आलं ते मी चष्मा पुसेपर्यंत. कुठे टक्कर नाही, कुणी एकाच वेळी दोन वर्गांत नाही. मी तोंडाचा आ वासून बसलो. मग दिसलं की त्यातले चौतीस तास अकरा नंबरच्या खोलीत आहेत. अकरा नंबरच्या खोलीत मोडके बाक आहेत आणि दार उघडलं की त्यातला एक आपल्या अंगावर येतो. मी मोठ्यानं हसलो. (यादीतून ती खोली काढायला मीच विसरलो होतो, पण ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.) दुसऱ्या वेळापत्रकात त्यानं एकाच घंटेला दोन वर्ग वर पाठवले आणि दोन खाली आणले. आमच्या जिन्याच्या वळणावर दीडशे मुलं समोरासमोर! त्याला बिचाऱ्याला जिना ठाऊकच नव्हता. मग मी त्याला जिना समजावून दिला, किती रुंद, वळण कुठे, सहावीची मुलं कठड्यावरून घसरतात ती कुठे येऊन आपटतात, सगळं. त्यानं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि पुन्हा माझा चष्मा पुसून व्हायच्या आत सगळी शाळा नव्यानं मांडून दाखवली. खरं सांगतो दादा, मला जे पुठ्ठ्यासमोर तीन आठवडे बसून एकेक करून दिसायचं, ते त्याला एका दमात लाखो तऱ्हांनी दिसत होतं, आणि तरी माझ्या जिन्यासाठी तो थांबत होता. दोन दिवस आम्ही असे बसलो होतो. मी म्हणायचो हे नको, तो विचारायचा का नको, आणि त्याला सांगता सांगता माझीच शाळा मला नव्यानं कळत होती.

शनिवारी सकाळी मात्र गाडं अडलं. सगळं बसलं, चित्रकला बसेना. मी घामाघूम. तेव्हा त्यानं लिहिलं की सगळे नियम पाळून हे जमणार नाही, पण या तिनांतला कुठलाही एक सोडलात तर जमेल. पहिला, प्रयोगशाळेत एका वेळी एकच वर्ग. (तो सोडला तर शाळाच उडेल.) दुसरा, इतिहासाच्या बाईंना दुपारी तान्ह्या बाळाकडे जाऊ द्यायचं. (तो सोडायला मी कोण?) आणि तिसरा, शिक्षक क्रमांक सहा आणि शिक्षक क्रमांक चौदा यांना एकाच वेळी मोकळा तास द्यायचा नाही. त्याखाली त्यानं आपणहून एक प्रश्न जोडला होता. मी त्याला मागच्या वर्षांचीही वेळापत्रकं नमुन्याला दिली होती, ती वाचून त्यानं लिहिलं की शिक्षक क्रमांक चौदा यांना सलग दोन तास कधीच मिळालेले नाहीत, शनिवारचा शेवटचा तास दरवर्षी त्यांच्याकडेच आहे, आणि शाळेत दुसऱ्या कुणाचंही वेळापत्रक इतकं गैरसोयीचं नाही. हे हेतुपुरस्सर आहे का?

सहा म्हणजे मी. चौदा म्हणजे तुमची बहीण.

दादा, ती या शाळेत लागली त्या वर्षी मी मनाशी ठरवलं होतं की वेळापत्रकवाला बायकोचे लाड करतो असं कुणाच्या तोंडून येता कामा नये. म्हणून जो तास कुणालाच नको तो तिला. आम्ही दोघं शिक्षकखोलीत गप्पा मारताना दिसू नये म्हणून तो तिसरा नियम. माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल एकदा सभेत माझा सत्कार झाला होता, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत तीही होती. पस्तीस मिनिटांत मुलांचा कागद ओला होतो, रंग पडतो आणि घंटा वाजते. एकोणीस वर्षं तिच्या वर्गातल्या ओल्या चित्रांतली झाडं आणि घरं जिन्यावरून ओघळत खाली येत होती, आणि रोज ती पाहूनही मला वाटायचं की मुलं वेंधळी आहेत. ती एका शब्दानं कधी बोलली नाही. मला इतकी लाज वाटली की त्या खोलीत कुणी नसताना मी उठून दार लावून घेतलं. उत्तर म्हणून आधी 'नाही' लिहिलं, खोडलं. 'हो' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी लिहिलं, चूक माझी. त्यावर त्यानं मला उपदेश केला नाही. एवढंच विचारलं की तिसरा नियम काढू का.

काढ म्हटलं. आणि सगळं बसलं! पाचवी ते सातवीची चित्रकला राहिली, तीही सलग दोन-दोन तास. शनिवारचा शेवटचा तास आता सगळ्यांना पाळीपाळीनं आहे आणि पहिली पाळी माझी. सोमवारी मोठ्या बाईंनी सही केली. तो कागद फलकावर लागल्यावर मी त्याच्यासमोर किती वेळ उभा होतो कोण जाणे. तो प्रोग्रामचा एकट्याचा नव्हता, माझाही एकट्याचा नव्हता, आणि बावीस वर्षांत इतकं चांगलं वेळापत्रक माझ्या हातून एकदाही झालं नव्हतं. घंटा झाली, थांबतो. वहिनींना नमस्कार, शिडीला दोन्ही हातांनी धरणे.

आपला,
शिक्षक क्रमांक सहा

ता. क. कागद घरी दाखवला तेव्हा तिनं जोडतास बोटानं दोनदा मोजले. मग शनिवारचा शेवटचा तास कुणाकडे गेला ते विचारलं. माझ्याकडे म्हटल्यावर जी हसत सुटली ती भांडी घासून होईपर्यंत हसत होती.

ता. क. २. आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. तिसरा नियम गेल्यामुळे दर बुधवारी पाचव्या तासाला आम्ही दोघंही मोकळे असतो. शिक्षकखोलीत तिसरं कुणी नसतं. घरी बोलायला नळ असतो, गॅस असतो, दारावरची बेल असते; इथे नुसती पस्तीस मिनिटं असतात. पहिल्या बुधवारी मी तिला वेळापत्रक कसं केलं ते सांगितलं. दुसऱ्या बुधवारी त्यातलं उरलेलं सांगितलं. आता संपलं. लग्नाआधी ती कशाबद्दल बोलायची? कशानं खुलायची? प्रोग्रामला विचारून पाहिलं, तर तो म्हणाला की ही माहिती माझ्याकडे नाही, आपण त्यांनाच विचारलेलं उत्तम. तिलाच विचारायचा धीर असता तर तुम्हाला कशाला त्रास दिला असता? दहाबारा विषयांची यादी बुधवारच्या आत शाळेच्या पत्त्यावर पाठवावी. घरी आलेली पत्रं तीच उघडते.

(यापुढचा मजकूर वेगळ्या अक्षरात)

दादा, हे पत्र ह्यांनी पेटीत टाकायला माझ्याच हातात दिलं, तेही पाकीट न चिकटवता. कृपा करून कसलीही यादी पाठवू नकोस. बुधवारी हे बोलत असतात तेव्हा मी वहीआड ह्यांचं चित्र काढते. वेळापत्रकाबद्दल बोलताना हे अगदी स्थिर बसतात, आणि चेहरा असा फुललेला असतो की मी तो कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. विषय बदलला तर हलतील. नाक अजून व्हायचंय.