मुर्तिनीचा पहिला होकार

मालमत्तेकडे वळण्यापूर्वी एका झाकणाची नोंद करणे मला भाग आहे. स्टुडिओतल्या माझ्या काचेच्या पेल्याचे, कडेला पोचा आलेले पत्र्याचे झाकण गेल्या पावसाळ्यापासून बेपत्ता आहे. ज्या कोणी ते नेले, त्याने मनःशांती, नातेसंबंध आणि आत्मविकास या विषयांवरच्या कार्यक्रमात माझ्यासोबत काम केलेले आहे, आणि तरीही दुसऱ्याचा चहा उघड्यावर पडल्याचे त्याला काही वाटत नाही. झाकण परत करावे. मी गेल्यावर केले तरी चालेल. ते कशाला हवे आहे हे खाली येईलच.

आता रीतसर. मी विदाग्दो, वय सत्तावन्न, राहणार कोतागेडे, जोगजा, जावा बेट, शिक्षणाने संस्कृत आणि जुन्या जावानीजचा विद्यार्थी, पोटापाण्यासाठी रेडिओवर विचारवंतांना बोलते करणारा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. यकृताने साथ सोडली आहे. बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. तरी खात्रीसाठी मी पत्नी मुर्तिनी हिला विचारले, "माझं डोकं ठिकाणावर आहे ना?" ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "बऱ्या… पैकी." डॉक्टरांच्या दाखल्यापेक्षा हे मत मी वरचे मानतो.

कलम पहिले. राहते घर, अंगणातील पेरूसह, संपूर्णपणे मुर्तिनीचे. बँकेत जे असेल तेही तिचेच. तिच्या हयातीत घर विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि तिला त्यातून हलवू नये. शेवटचे चार शब्द नोटरीबाईंना अनावश्यक वाटले. मला तेच आवश्यक वाटतात.

कलम दुसरे. 'चहा निवेपर्यंत' या माझ्या कार्यक्रमाची सर्व ध्वनिमुद्रणे सहनिवेदिका सेकार हिला द्यावीत. मानसशास्त्रज्ञ, नर्तक, कवी, संसार मोडलेले आणि संसारावर पुस्तके लिहिलेले (पुष्कळदा एकच) असे अनेक जण त्यात मनापासून बोलले आहेत. प्रश्न सगळे मुर्तिनीचे होते. आवाज तेवढा माझा. स्टुडिओत हे सर्वांना ठाऊक होते, पाहुण्यांना सोडून. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताने तिचे शब्द दूर नेऊन ठेवले. विचार जागच्या जागी आहेत. शब्द बोलावून आणायला वेळ लागतो. त्यानंतर मी तिचेच जुने प्रश्न नव्या पाहुण्यांना विचारत राहिलो. एकालाही ते जुने वाटले नाहीत, आणि मला नवे सुचले नाहीत.

कलम तिसरे. प्राध्यापक प्रास्तोवो यांनी ऐकण्याच्या कलेवरचा आपला ग्रंथ सही करून मला दिला होता. तो त्यांना परत द्यावा. त्यांना गरज आहे. ते आमच्याकडे कोवळ्या फणसाचे गुडेग आणि सांबालची तिखट चटणी खायला आले होते, तेव्हा मुर्तिनी त्यांना आदराने 'पाक' म्हणत काही सांगू लागली.

"पाक… तुमची…"

"पाणी हवंय का, बू?" प्राध्यापकही तितक्याच आदराने म्हणाले.

"ना… तुमची…"

"माझी पुस्तकं? अहो, थकलात तुम्ही. जरा पडा. पडायचंय ना?"

"हो," मुर्तिनी म्हणाली, आणि आत जाऊन पडली. पाहुणे गेल्यावर मी चहा केला, तिच्याजवळ बसलो. चहा अर्धा झाला तेव्हा वाक्य पूर्ण झाले: तुमची बाही सांबालमध्ये बुडली आहे.

मी प्राध्यापकांना दुष्ट म्हणत नाही. आपल्यात कोणी अडखळला की त्याला लाज वाटू नये म्हणून आपण शब्द पुरवतो. आणि पुरवलेला शब्द चुकीचा असला, तरी पुरवणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून समोरचा 'हो' म्हणतो. दोन्ही बाजू सभ्य राहतात. बाही मात्र बुडते ती बुडतेच.

कलम चौथे. मेहुणा हर्जान्तो, राहणार सुराबाया, याला माझा पारवा पिंजऱ्यासह द्यावा. हा पक्षी शीळ घालून बोलावल्यास बोलत नाही. समोर गप्प बसल्यास, त्याची मर्जी असेल तर, बोलतो. हर्जान्तोला सराव होईल. हे मी रागाने लिहीत नाही. बहिणीवर त्याचा जीव आहे, आणि अडचण नेमकी तीच आहे. गेल्या महिन्यात तो माझ्या तब्येतीची चौकशी करायला आला, आणि जेवताना म्हणाला, "ताई, दाजींचं काही बरंवाईट झालं तर तू आमच्याकडे यायचं. वरची खोली रंगवून घेतोय. येशील ना?"

"हो," मुर्तिनी म्हणाली.

"बघा दाजी, लगेच हो म्हणाली. तुम्ही उगाच काळजी करता."

"तिला जरा वेळ दे."

"वेळ कशाला? हो म्हणाली ना ती. रंगसुद्धा विचारून घेतो. निळा चालेल ना, ताई?"

"हो."

संध्याकाळी तो गाडीत बसला. मी चहा ठेवला. मुर्तिनी म्हणाली, "हर्जान्तो… चांगला आहे." मी थांबलो. चहा निवला, मी तो तसाच प्यायलो. "सुराबाया… नको. पेरू… इथे आहे." आणखी बऱ्याच वेळाने, "निळा… पण नको."

म्हणून मी इथे लिहून ठेवतो की माझ्या पत्नीचा पहिला होकार हा होकार धरू नये. नोटरीबाई म्हणाल्या, "पाक, त्या साक्षीदारांसमोर हो म्हणाल्या तर मी काय करणार? कायद्यात थांबायची सोय नाही." मी म्हटले, सोय नसेल तर विनंती म्हणून लिहा. त्यांनी लिहिले. बाई चांगल्या आहेत. फक्त माझी वाक्ये त्याही पूर्ण करतात.

कलम पाचवे. माझा काचेचा पेला, आणि मिळाल्यास झाकण, सेकारला द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. सेकारने इतक्या वर्षांत एकही प्रश्न वेळेवर विचारला नाही. पाहुण्याचे बोलणे संपले की ती त्याच्याकडे बघत बसायची, आणि मी टेबलापलीकडून हातवारे करून दमायचो. "अगं, झोपलीस का?" म्हटले की म्हणायची, "नाही हो पाक, मला वाटलं त्यांचं अजून काहीतरी राहिलंय." बहुधा राहिलेले असायचेच. आज माझ्याखेरीज फक्त तिच्याजवळ मुर्तिनीची वाक्ये शेवटापर्यंत पोचतात. संस्कृतात शुश्रूषा म्हणजे आधी ऐकण्याची इच्छा. औषधपाणी त्यात मागाहून आले. सेकारला औषधाच्या वेळा लक्षात राहणार नाहीत, त्या शेजारच्या बू सुमिराह सांभाळतील. सेकारने जमेल त्या संध्याकाळी यावे, चहा करावा आणि बसावे. झाकण त्यासाठी हवे आहे. मुर्तिनीचे वाक्य लांबले तर तिला समोरच्याचा चहा निवताना दिसतो, आणि ती घाईने 'हो' म्हणून मोकळी होते.

अंत्यविधीत भाषणे नकोत. विचारवंत आल्यास त्यांना जेवू घालावे.

वरील मजकूर मी वाचला, समजलो, आणि त्याखाली सही करत आहे.

विदाग्दो

साक्षीदार: १. मार्सुदी, आमच्या गल्लीचे प्रमुख. २. सुमिराह, शेजारी.

कोतागेडे, जोगजा. जावानीज पंचांगाने बुधवार लेगी, १४ ऑगस्ट २०१९.

सहीखालचे कायद्यात धरत नाहीत, असे नोटरीबाई म्हणतात. म्हणून हे इथे लिहितो. काल साक्षीदार ठरवून झाल्यावर मी मुर्तिनीला विचारले, "मी गेल्यावर तू नीट राहशील ना?"

ती लगेच हो म्हणाली. मी चहा निवेपर्यंत बसलो, नंतरही बसलो. त्यापुढे ती काही बोलली नाही. मला भीती वाटते.